भावजींची कोरी कॉफी

जगाची काळजी वाहायला एकच माणूस नेमायचा असं उद्या ठरलं, तर जाहिरात देण्याचीसुद्धा गरज नाही. आमच्या ताईचे यजमान ते काम कितीतरी वर्षं बिनपगारी करतायत. मी त्यांना भावजी म्हणते. ते वर्तकनगरला, मी डोंबिवलीला. मध्ये अख्खं ठाणं पडलं आणि खाडी पडली, तरी त्यांची काळजी माझ्या दारापर्यंत बिनचूक पोचते. सकाळी फोन वाजला आणि पलीकडून आधी नुसता एक सुस्कारा ऐकू आला की मी ओळखते. "बेबी, गॅस बंद केलायस ना?" मी साठी ओलांडलेली, दोन नातवंडांची आजी, पण त्यांच्या लेखी अजून बेबीच. अहो, आत्ताच तर चहा टाकलाय, असं म्हटलं की म्हणतात, नाही, नंतर, नंतर आठवणीनं कर. लिफ्टचं दार उघडलं की आधी वाकून खाली लिफ्ट आहे ना ते बघतात. लग्नाला गेले की वधूवरांपेक्षा मांडवातल्या वायरींवर यांचा डोळा. ताई तर शपथेवर सांगते, की त्यांच्या स्वतःच्या सप्तपदीत हा माणूस दर पावलाला मागे वळून होमाकडे बघत होता, ठिणगी उडून शालू पेटेल म्हणून.

नोकरी होती वजनमापे खात्यात. बाजारात जायचं, काटे तपासायचे, वजनांवरचे शिक्के बघायचे. असल्या नोकरीत माणसं निर्ढावतात, पण भावजी उलट हळवे झाले. कुठेही दोन माणसं देवघेव करताना दिसली की यांना प्रश्न, यातला कोण नाडला जातोय? निवृत्त झाले तेव्हा हापिसातल्या तरुण पोरांनी शाल-नारळाबरोबर एक खोका दिला. त्यात हातानं फिरवायची छोटी चक्की, बगळ्यासारख्या लांब चोचीची किटली आणि कॉफीच्या भाजलेल्या बियांची एक पुडी. त्या पोरांना बापड्यांना काय कल्पना! आयुष्यभर तोलत आलेल्या माणसाच्या हातात त्यांनी असं पेय दिलं, की ज्यात बी तोलायचं, पाणी तोलायचं, पाण्याचा ताप मोजायचा आणि वेळसुद्धा मोजायची. भावजींच्या सगळ्या सुट्या काळज्या एका जागी गोळा झाल्या. ताईनं पहिल्याच आठवड्यात त्या चक्कीत वेलदोडे दळले. त्यावर ते ओरडले नाहीत, कधीच ओरडत नाहीत. चक्की उलटी धरून खिडकीशी नुसते बसून राहिले. ताई सांगत होती, की त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

पुडीवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: मळा किती उंचीवर, झाडं कोणत्या सावलीत, फळं हातानं वेचलेली वगैरे. आपण ते वाचत नाही. भावजी भिंग घेऊन वाचतात, आणि 'हातानं वेचलेली' या शब्दांनी त्यांची झोप उडाली. वेचणाऱ्या बायकांना मजुरी टोपलीच्या वजनावर मिळते हे कळलं मात्र, मग तो काटा कोण तपासतं? लग्नाच्या वाढदिवसाला ताईला घेऊन चिकमगळूरला गेले, ते हवा खायला असं तिला वाटलं होतं. संध्याकाळी मळ्यावर लाल फळांच्या टोपल्या तोलायला बायका रांगेत उभ्या, आणि हे पिशवीतून स्वतःचं पितळी वजन काढून पुढे झाले. तिथला मुकादम चक्रावला. ताई हिंदीत सांगत सुटली, की भैया, बुरा मत मानो, ये घर में भी ऐसेच है. भावजींनी वजन ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. काटा खरा निघाला. तेव्हा त्यांनी मुकादमाला हात जोडले, आणि त्या दिवसापासून घरात कॉफी येते ती त्याच मळ्याची. महाग पडते म्हणून ताई कुरकुरली तर म्हणाले, "स्वस्त म्हणजे कुणाच्या तरी वजनात मारलेलं असतं." दर हंगामाला मुकादमाला फोन करून विचारतात, काटा पुन्हा तपासला का? तो बिचारा आता न विचारताच काट्याचा व्हिडिओ पाठवतो.

त्या मळ्यात म्हणे फणसाची, उंबराची मोठाली झाडं कॉफीवर सावली धरून असतात आणि त्यांच्यात धनेश पक्षी राहतात. त्या धनेशांचीही जबाबदारी वर्तकनगरातच आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिकडे एक पाऊस पडावा लागतो, तो पडला की कॉफी फुलते. तो लांबला की भावजी इथे गॅलरीत येरझारा घालतात. एकदा मी गेले असताना बाहेर येऊन म्हणाले, तिकडे अजून थेंब नाही. ताई आतून म्हणाली, इकडे उद्या नळाला पाणी नाही, पिंप भरून ठेवा. कागदाच्या कपाचा तर त्यांना इतका राग, की कुठल्याही समारंभाला खिशात स्टीलचा पेला घेऊन जातात. गाळायलाही कागद नको म्हणून ताईकडून मांजरपाटाच्या टोकेरी पिशव्या शिवून घेतल्या आणि धुऊन दोरीवर वाळत घालायला लागले. समोरच्या काकूंना ती लांबून बाळाची टोपडी वाटली. घरात लग्नाची मुलगी, आणि दोरीवर रोज टोपडी! काकूंनी जिन्यात गाठून ताईला हळूच विचारलं, काही अडचण आहे का? ताई दोन दिवस कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती.

माझ्याकडे यायचे तेव्हा कॉफीचं पाणी वर्तकनगरहून आणायचे. तुझ्याकडचं पाणी वाईट नाही, पण माझ्या हाताला त्याची सवय नाही, असं मला बरं वाटावं म्हणून म्हणायचे. फिरकीच्या तांब्यात पाणी भरून, तांब्या मांडीवर घट्ट धरून बसमधून यायचे. एकदा शेजारच्या बाईनं गंगाजल समजून तांब्याला हात लावून नमस्कार केला. मग भावजींना ती काळजी, की तिला खरं सांगावं की नाही. शेवटी सांगितलं नाही, आणि आठवडाभर त्याची रुखरुख. आमच्या सत्यनारायणाला मी प्रसादाचा रवा वाटीनं मापला तर स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, सव्वा म्हणजे सव्वाच हवा ना गं? आणि काटा काढला. गुरुजी बाहेर खोळंबले. पण खोटं कशाला बोलू, तसा शिरा माझ्या हातून पुन्हा झाला नाही.

आणि कॉफीही तशीच. करताना बघणाऱ्याचा जीव जातो, हे मात्र खरं. आधी थोडंसंच पाणी ओतायचं आणि थांबायचं. भुकटी फुगून वर येते, बुडबुडे येतात. आपण म्हणावं ओता आता, तर हे बोट वर करतात, "फुलू दे." मग धार, बारीक, गोल गोल. कपात पडतं ते पातळ, लालसर, बिनदुधाचं, बिनसाखरेचं. पहिल्यांदा प्याले तेव्हा मला वाटलं, हा कसला काढा! पण भावजी माझ्या तोंडाकडे असे बघत होते, जसा काही माझा निकाल लागायचाय. म्हणून गप्प बसून पीत राहिले, आणि अर्धा कप झाल्यावर, काय सांगू, कुठून तरी संत्र्याच्या सालीचा वास आला आणि मागाहून गुळासारखं काहीतरी. मी तसं म्हटल्यावर त्यांचे डोळे भरून आले. लहान मुलाचं कौतुक केलं की आईचे भरतात, तसे.

आता मूळ गोष्टीकडे येते. भावजींची एकुलती एक लेक केतकी. तिचं तिच्याच ऑफिसातल्या जयेशशी जमलं. मुलगा सालस. त्याचं घर कल्याण-शीळ रस्त्याकडच्या जुन्या गावातलं, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. पूर्वी शेती आणि मिठागरं, आता जागांना भाव आल्यावर तीन मजली बंगला. आईवडिलांची ना नव्हती. अडलं होतं ते जयेशच्या आजीपाशी. त्या घरात आजीचा शब्द शेवटचा. तिला सून आपल्यातली हवी होती, आणि तरीही नातवाखातर ती एकदा मुलीचं घर बघायला यायला कबूल झाली होती. घर बघून सांगेन, एवढंच म्हणाली होती. जयेशनं केतकीला स्पष्ट सांगितलं, की आजी नाही म्हणाली तर मी तिला दुखवून लग्न करू शकणार नाही. तिनंच त्याला वाढवलं होतं. म्हणजे पोरीचं सगळं आयुष्य त्या एका संध्याकाळवर टांगलेलं.

मी आदल्या दिवशीच राहायला गेले. केतकी वरवर हसत होती, पण तिनं तीनदा साडी बदलली. ताईचं म्हणणं साधं होतं. चिवडा, बेसनाचे लाडू आणि आलं घातलेला चहा. भावजी म्हणाले, चहा नको. पहिल्यांदा येतायत माणसं, कॉफी मी करणार. ताईनं समजावलं, मी समजावलं, केतकीनं हात जोडले. सगळ्यांना मान हलवत हो हो म्हणाले आणि किटली घासायला घेतली. पाहुणे यायच्या वेळेला मी ओट्यावर गुपचूप चहाचं आधण ठेवलं, तर हे आत आले आणि गॅस बंद करून गेले. शेवटी मी साखरेचं भांडं पदराखाली धरून बाहेरच्या खोलीत बसले. देवाला म्हटलं, आजच्या दिवस या माणसाला अक्कल दे.

पाहुणे आले. जयेश, त्याचे आईवडील आणि आजी. आजी कमरेत किंचित वाकलेली, हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, नजर अशी की भिंतीचे पोपडेसुद्धा मोजेल. बसली, चहूकडे बघितलं, केतकीकडेही बघितलं. ताईनं लाडू पुढे केले, तर नंतर म्हणून बाजूला ठेवले. तेवढ्यात भावजी ट्रे घेऊन आले. एका वेळी एकच कप होतो त्यांच्या पद्धतीनं, आणि पहिला मान आजीचा. काळी, वाफाळती कॉफी त्यांनी दोन्ही हातांनी तिच्यासमोर ठेवली.

आजीनं कपात डोकावून बघितलं. मग तो कप एका बोटानं लांब सरकवला.

"आमचेकरं कोरं मयताचे घरान देतान," ती म्हणाली.

अगं बाई! हे कुणालाच कसं सुचलं नाही? जिथे माणूस गेलेलं असतं त्या घरी दूध-साखर वर्ज्य, तिथे आल्यागेल्याला कोरा चहा, हे काही फक्त त्यांच्यातच नव्हे, कोकणात कितीतरी घरांतून पाळतात. आणि आम्ही सोयरीक जुळवायला आलेल्या म्हाताऱ्या माणसापुढे, तोंड गोड व्हायच्या आधी, कडू आणि काळं ठेवलं होतं. भावजींनी कॉफीबद्दल पृथ्वीवरच्या सगळ्या शंका काढल्या होत्या, मळ्यापासून पाण्यापर्यंत, नेमकी एवढीच राहिली होती. जयेशचे वडील अवघडून उठले, म्हणाले, निघूया का आपण, पुन्हा कधी तरी बघू. केतकीचा चेहरा पांढराफटक. ती जयेशकडे बघत होती आणि तो आजीकडे.

मला वाटलं, आता भावजी समजावायला लागणार. उंची, सावली, धनेश, संत्र्याची साल. आणि मग संपलंच. पण ते आजीसमोर खाली सतरंजीवरच बसले. कप उचलायला हात पुढे केला तर हात इतका कापत होता, की कप बशीवर वाजायला लागला, म्हणून पुन्हा ठेवला. म्हणाले, "चुकलं माझं. मला माहीत नव्हतं. मुलगी तुमच्याकडे द्यायची, तर घरात जे सगळ्यात चांगलं आहे ते पुढे ठेवावं, एवढंच डोक्यात होतं. माझ्याकडे दुसरं काही एवढं चांगलं नाही."

आजी त्यांच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होती. ते मांडीवर ठेवले होते तरी थांबत नव्हते. जरा वेळानं म्हणाली, "मंग त्यान दूध टाक."

भावजींना एकेरीत बोलणारं माणूस घरात कुणी उरलेलं नव्हतं, त्यांची आई गेली तेव्हापासून. ते उठून आत गेले, त्यांच्या मागोमाग मी. आणि बाई गं, जे बघितलं ते कुणाला सांगून खरं वाटणार नाही. काटा बाजूला सारला. किटली बाजूला सारली. पातेल्यात दूध ओतलं, चिकमगळूरची ती जिवापाड जपलेली भुकटी मुठीनं त्यात टाकली आणि गॅस मोठा केला. माझ्या पदराखालचं भांडं मागून घेऊन साखर घातली, किती ते देव जाणे. दूध वर आलं, ओट्यावर सांडलं, तरी त्यांचं लक्ष नाही. शेवटी मला म्हणाले, जायफळ कुठे ठेवते गं ही? मी जायफळ उगाळून दिलं. तोवर कॉफी खाली लागली होती.

आजीनं ती बशीत ओतून, फुंकर मारत, आवाज करत संपवली. दुसऱ्यांदा मागितली. मग लाडू उचलला, अर्धा मोडून केतकीच्या हातात ठेवला आणि आपल्या लेकाला म्हणाली, "पोरीपायी बापाचं हात कापतान. त्या घरची पोर मना पायजे." ताई रडायला लागली, केतकी रडायला लागली, मीही काही मागे राहिले नाही. फक्त भावजी कोरडे. ते स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर सांडलेलं दूध पुसत होते.

लग्न थाटात झालं. त्यांच्याकडची हळद काय वर्णावी, आख्खं गाव नाचलं. भावजी तिथेही जनरेटरपाशी उभे होते. पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका पदर डोळ्यांना लावून तयार, की आता हा माणूस कोसळणार. त्यांनी जयेशला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता कॉफीची कृती सांगणार. तर म्हणाले, "सकाळी उठल्यावर ती थोडा वेळ गप्प असते. रागावलेली नसते. तेवढं लक्षात असू द्या." जयेश वाकून पाया पडला.

त्यानंतर केतकीच्या सासरी स्वतःहून फोन करायचा नाही असं त्यांनी ठरवून टाकलं. नव्या घरात मुलीला सारखा बापाचा फोन बरा दिसत नाही, हे त्यांचं शास्त्र. मग ते मला करायला लागले. केतकीशी बोललीस का? बरी आहे का? आवाज कसा होता? मी रोज सांगायची, बरी आहे हो, आजीनं तिला मासे साफ करायला शिकवलं, खुशीत आहे. रोज तेवढ्यापुरतं हायसं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वैताग यायचा. भाजी फोडणीला टाकलेली असायची, एका हातात फोन, एका हातात झारा. पण खरं सांगायचं तर त्या वेळेला मीही फोन जवळ ठेवूनच फोडणी टाकायला लागले होते.

परवा फोन आला नाही. संध्याकाळ उलटली तरी नाही. माझाच जीव खालीवर व्हायला लागला, म्हणून मीच लावला. ताई देवळात गेली होती. भावजींनी उचलला आणि म्हणाले, आज केतकीचाच फोन आला होता, चांगली तासभर बोलली. सगळं बरं आहे. आजीनं तिला कपाटाच्या किल्ल्या दिल्या. मी म्हटलं, मग छानच झालं की.

"हो," म्हणाले. "जाता जाता म्हणाली, बाबा, आता माझी अजिबात काळजी करू नका." मग पलीकडून चक्की फिरवल्याचा आवाज आला. हळूच म्हणाले, "बेबी, मग आता मी दिवसभर करायचं काय गं?"

एवढा सज्जन माणूस, आणि त्याला एवढंही देऊ नये का कुणी? मी म्हटलं, भावजी, चार दिवस झाले, माझा गुडघा फार दुखतोय हो.

"कुठला?" त्यांचा आवाज एकदम जागा झाला. "डावा की उजवा?"

मी म्हटलं, दोन्ही.